दुपारी दोन ते चार

‘ज्याला खरंच करायचं असतं, तो काहीही करून करतोच.’ स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, गुणवंतांच्या सत्कारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे मीही ते वर्गात म्हणायला लागले. आता म्हणत नाही. निवृत्तीनंतर गेली काही वर्षं मी सोलापूरच्या पूर्व भागात, एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये, विडी वळणाऱ्या बायकांची दहावीची तयारी करून घेते. तिथे पहिल्या वर्षीच हे वाक्य माझ्या तोंडातून जायचं थांबलं.

वर्गात एक अक्का आहेत. वय एक्केचाळीस. घरी तेलुगू, शाळा मराठी. आठवीत असताना आई आजारी पडली, घरात विड्या वळणारे दोन हात कमी झाले आणि यांचं दप्तर खुंटीला लागलं. ‘अर्धवट राहिलंय बाई, पुरं करायचंय,’ एवढंच त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. नोकरी हवी, बढती हवी असं काही नाही. सत्तावीस वर्षं त्यांच्या मनात ही एकच गोष्ट होती. इच्छा कमी पडली असं या बाईला कोण म्हणेल?

त्यांनी ज्या दिवशी सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, भरायचा ठरवला, त्या दिवसापासून फॉर्म खरोखर भरला जाईपर्यंत काय काय झालं ते सांगते. शाळा सोडल्याचा दाखला हवा. मूळ दाखला कधीच हरवलेला. शाळेत गेलो तर जुनी रजिस्टरं दुसऱ्या इमारतीत, शिपाई रजेवर, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात नाव सापडलं, ते माहेरचं. आधारकार्डावर सासरचं. मग लग्नाचा पुरावा आणा, प्रतिज्ञापत्र करा. लग्न पंचवीस वर्षांपूर्वी मांडवात झालेलं, नोंदणी नाही. एकूण सात खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस जातो आणि अर्ध्या दिवसाला पाचशे विड्या जातात. विडीवाल्या बाईची मजुरी हजारावर असते, म्हणजे त्या फॉर्मसाठी अक्कांनी साडेतीन हजार विड्यांची मजुरी घालवली. फॉर्मची फी वेगळी.

यातला कोणताही कारकून वाईट वागला नाही. एकाने तर खुर्ची दिली, पाणी दिलं. पण ही सगळी व्यवस्था पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी बेतलेली आहे, ज्याचा बाप त्याच्यासाठी खेपा घालतो. एक्केचाळीस वर्षांची बाई स्वतःसाठी खिडकीसमोर उभी राहील हे ती आखणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःला बदलणं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे असं समजून आपण समाज म्हणून हात झटकतो, ते चुकीचं आहे. पहिलं पाऊल माणसाचं स्वतःचं असतं, ते दुसरं कुणी टाकू शकत नाही. पण ते जिथे पडेल तिथे जमीन हवी, आणि ती जमीन सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक इच्छेतून तयार करावी लागते. सध्या आपण भाषणं भरपूर देतो आणि जमीन देत नाही. रोज सकाळी मोबाईलवर ‘ध्येय ठरवा, झोकून द्या, परिस्थितीला कारण करू नका’ असे संदेश येतात. अक्कांच्याही मोबाईलवर येतात. त्यांची मुलगी ते वाचून दाखवते आणि अक्का गप्प बसतात. आपलंच काहीतरी चुकलं, आपणच आळशी, असं त्यांना वाटायचं. एका कष्टाळू बाईला आळशी वाटायला लावणाऱ्या या उपदेशाचा मला मनापासून राग येतो.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने सांगायची गरज पडू नये. 1855 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा उपयोगाची नाही, इतकी साधी गोष्ट त्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओळखली होती. मोठ्या माणसाला शिकवायचं तर आधी त्याच्या दिवसात रिकामा तास कुठे आहे ते शोधावं लागतं.

मला या बाबतीत सगळ्यात जास्त आठवण येते ती पार्वतीबाई आठवल्यांची. जन्म 1870 चा, देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालेलं. त्यांची बहीण पुढे धोंडो केशव कर्व्यांची दुसरी पत्नी झाली. तीही विधवा होती, आणि 1893 सालच्या त्या पुनर्विवाहाने कोकणात केवढा गहजब झाला ते आपण जाणतोच. पार्वतीबाई पुण्यात बहिणीकडे आल्या तेव्हा पंचविशी ओलांडलेली होती. तिथे त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली, शिक्षिका झाल्या, आणि मग कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. डोक्यावर पदर घेतलेली, केस काढलेली बाई परक्या गावात जाऊन परक्या पुरुषांसमोर विधवांच्या शिक्षणासाठी बोलते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा.

बरीच वर्षं त्यांनी केशवपन चालू ठेवलं होतं. काम सुधारणेचं, वेश रूढीचा. पुढे पुष्कळ विचार करून त्यांनी केस वाढवायचा निर्णय घेतला तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास होत्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बदल एका रात्रीत, एका झटक्यात होतो असं जे आपल्याला सांगितलं जातं, त्याच्या अगदी उलट त्यांचं आयुष्य आहे. आधी घर सोडलं, मग अक्षर, मग नोकरी, मग व्यासपीठ, आणि या सगळ्यानंतर स्वतःच्या डोक्यावरचे केस. त्यांच्या बाबतीत धैर्य कामातून आलं. धैर्य येईपर्यंत काम थांबवून बसल्या असत्या तर देवरुखच्या माजघरातून त्या बाहेर पडल्या नसत्या.

1918 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायला! हातात पैसा नाही, भाषा येत नाही. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या, शिकल्या, संस्थेचं काम सांगितलं आणि परत आल्या. आज एखाद्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने असं ठरवलं तर घरातले तिला डॉक्टरकडे नेतील.

पण पार्वतीबाईंची गोष्ट केवळ जिद्दीची म्हणून सांगितली की अर्धीच राहते. त्यांना जाण्यासाठी दार होतं. 1896 साली कर्व्यांनी आश्रम काढला होता, तो पुढे हिंगण्याला गेला, आणि तिथे येणारी बाई वीस-पंचवीस वर्षांची, घरची टाकलेली, एखादं मूल कडेवर असलेली असणार हे धरूनच तो चालत होता. तिला अक्षरओळख करून घ्यायला लाज वाटणार हेही तिथे ठाऊक होतं. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं तेही मोठ्या, संसारी, विधवा बायका डोळ्यांसमोर ठेवून. रमाबाईंना स्वतःला ठाऊक होतं की लग्नानंतर पाटी हातात घेतली तर घरातल्या बायकाच काय काय बोलतात. या माणसांनी भाषणं केली, पण त्याआधी खोली, दिवा, शिक्षक आणि वेळ यांची सोय केली.

आता आजचं बघू. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. हक्क आहे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. चौदाव्या वर्षी तो संपतो. अक्कांनी शाळा सोडली त्याच वयाला. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे 82 टक्के होती आणि स्त्रियांची सुमारे 76. म्हणजे चारातली एक बाई निरक्षर. जी साक्षर धरली गेली, तिच्यातही अक्कांसारख्या सहावी-आठवीत सोडलेल्या किती, ते त्या आकड्यात दिसत नाही. त्यांच्यासाठी कायद्यात शब्द नाही.

केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, 2022 ते 2027 या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 अशी 150 गुणांची चाचणी असते आणि आपल्याकडे पहिली चाचणी मार्च 2024 मध्ये झाली. सुनेचा हात धरून परीक्षा द्यायला गेलेली आजी मी स्वतः पाहिली आहे. कार्यक्रम चांगला आहे. पण तो चालतो स्वयंसेवकांवर. शिकवणाऱ्याला मानधन नाही, आणि सर्वेक्षणाचं ओझं पुन्हा त्याच शाळामास्तरांवर, जे आधीच निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंत सगळं सांभाळतात. मुलांना शिकवायला पगारी शिक्षक लागतो हे आपल्याला पटतं. मोठ्यांना मात्र कुणीही, फावल्या वेळात, फुकट शिकवावं!

रात्रशाळांची गत तर सांगवत नाही. मुंबईत गिरण्या होत्या तेव्हापासून या शाळांनी हमाल, हॉटेलातली पोरं, गिरणी कामगार यांना दहावीपर्यंत आणलं. 2017 च्या मे महिन्यात शासनाने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना रात्रशाळांतून कमी करायचा निर्णय घेतला. पूर्णवेळ शिक्षक मिळावेत हा हेतू योग्यच होता. पण शिक्षक आधी गेले, आणि वर्गात बसलेल्या, दिवसभर राबून आलेल्या मुलांनी मधल्या काळात काय करायचं याचा विचार झाला नाही.

आणि रात्रशाळा बायकांच्या कामाची नाहीच. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ ही चूल पेटायची वेळ. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसलेल्या, पाटी-दप्तर घेतलेल्या साठी-सत्तरीच्या आज्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. सगळे त्या लुगड्यांचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं त्या शाळेच्या वेळेचं. दुपारी दोन ते चार. भाकरी-कालवण झालेलं, भांडी घासून झालेली, दिवेलागणीला अवकाश. ज्याने ही वेळ ठरवली त्याला बाईचा दिवस कळलेला आहे. मी आमचा वर्ग त्याच वेळेला घ्यायला लागले आणि सहावरून संख्या एकोणीसवर गेली. अभ्यासक्रम तोच, शिकवणारी मीच.

आमच्या वर्गात मांडीवर सूप असतं. रात्री भिजवलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, कात्री, फरमा, तंबाखूचा डबा. मी इतिहास वाचते तेव्हा हात चालू राहतात. पान गोल फिरतं, चिमूटभर तंबाखू, वळण, सुताची गाठ, टोक दुमडलं. गणिताला मात्र सूप बाजूला ठेवायचं असा नियम त्यांनीच केला. शेकडेवारी काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. पुस्तकातलं उदाहरण होतं बँकेच्या व्याजाचं. मग मी फळ्यावर लिहिलं: हजार विड्या, पन्नास छाट. छाट म्हणजे कारखान्यात तपासताना खराब म्हणून बाजूला काढतात त्या, त्यांची मजुरी मिळत नाही.

‘शंभराला किती?’

अक्कांनी बोटांवर पाहिलं. पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. ‘शंभर म्हणजे चार कट्टे. चार कट्ट्याला पाच छाट.’

‘म्हणजे शेकडा पाच.’

त्या थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. ‘परवा माझ्या ऐंशी काढल्या. ते आठ झालं की ओ बाई. आणि माझ्या शेजारणीच्या पण ऐंशीच काढल्या, तिने तर आठशेच नेल्या होत्या.’

‘मग तिचे किती?’

‘दहा,’ मागून शेजारीणच बोलली. वर्गात कुणी हललं नाही.

पुढच्या आठवड्यात विड्या देताना अक्कांनी तपासणाऱ्याला छाट समोर मोजून दाखवायला सांगितलं. आवाज चढवला नाही, भांडल्या नाहीत. ‘मोजा की,’ एवढंच म्हणाल्या. आत्मविश्वास वाढवणाऱ्या कोणत्याही शिबिरात हे शिकवता येत नाही. शेकडेवारी येत नव्हती, ती आली, आणि तोंडातून शब्द निघाला.

या वर्गाबद्दल सांगितलं की लोक दोन आक्षेप घेतात. पहिला पैशाचा. मुलांच्या शाळा पडायला आल्यात, तिथे पैसा नाही, आणि तुम्ही पन्नाशीच्या बायकांवर खर्च करा म्हणता? मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. पण मी मागते आहे ती नवी इमारत नाही. तालुक्याच्या गावी एका शाळेची एक खोली दुपारी किंवा शाळा सुटल्यावर उघडी ठेवा, दोन पगारी शिक्षक नेमा, सतरा नंबरचा फॉर्म वर्षभर खुला ठेवा, आणि दाखला शोधायची जबाबदारी अर्जदारावर न टाकता शाळेवर टाका. माहेरचं आणि सासरचं नाव जुळवायला एक साधा नमुना करा, जो शाळेच्या मुख्याध्यापकाला सहीने मान्य करता येईल. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे, ती चांगली आहे. त्याच योजनेत कामगार बाई स्वतः शिकत असेल तर तिलाही धरा. यातल्या कशालाही तिजोरी रिकामी होत नाही. 1959 साली सातारा जिल्ह्यात प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली तेव्हा आपलं राज्य आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होतं. गावंच्या गावं संध्याकाळी कंदील लावून बसली होती.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो, कारण तो अक्कांच्या घरातूनच आला. आता शिकून काय करणार? शिकलेली आई मुलांना शिकवते, घर सुधारतं, हे उत्तर आपण लगेच देतो आणि ते खरंही आहे. पण तेवढंच उत्तर दिलं की बाईचं शिकणं पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगासाठीच उरतं. अक्कांना पुरं करायचं होतं. माणसाला आपलं अर्धवट राहिलेलं पुरं करावंसं वाटतं, याला आणखी कोणतं कारण जोडायची मला गरज वाटत नाही.

बदल फुकट मिळत नाही हेही सांगायला हवं. वर्ग सुरू झाल्यावर अक्कांच्या घरात दोन महिने अबोला होता. नवरा मारझोड करणारा नाही, पण संध्याकाळी पुस्तक उघडलं की टीव्हीचा आवाज वाढायचा. सोळा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींसमोर लाज वाटायची. एकदा अक्का वर्गात येऊन नुसत्या बसल्या, वही उघडलीच नाही. मी काही विचारलं नाही. वर्ग संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘सोडलं तर चालेल का?’ मी म्हटलं, चालेल, पण आज ठरवू नका, गुरुवारी भूमिती आहे, तेवढी करून मग ठरवा. गुरुवारी आल्या. त्यानंतर तो प्रश्न त्यांनी काढला नाही. ज्यांचं शिक्षण, कला, व्यवसाय, काहीही अर्धवट राहिलंय आणि जे मनाची तयारी होण्याची वाट बघताहेत, त्यांना मी हेच सांगते. मनाची तयारी आधी होत नाही. दाखला काढायला जा. पहिल्या खेपेला तो मिळणार नाही, पण परत येताना तुम्ही रिकाम्या हाताने आलेली असलात तरी अर्जदार झालेली असता. दुसऱ्या खेपेला पाय आपोआप उचलतात.

मार्चमध्ये परीक्षा झाली. केंद्रावर पोलिसाने अक्कांना पालक समजून फाटकाबाहेर अडवलं. त्यांनी हॉलतिकीट दाखवलं तेव्हा त्याने सॅल्यूट केला, हे त्या अजून सांगतात. निकाल लागला. पाच विषय सुटले, गणितात अठ्ठावीस. पस्तीसला सात कमी.

मी समजूत घालायच्या तयारीने गेले होते. अक्का ओट्यावर पानं कापत बसल्या होत्या. टीव्ही बंद होता आणि मुलगी मोबाईलवर पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख शोधत होती. मला पाहून अक्कांनी कात्री खाली ठेवली.

‘बाई, या वेळी गणिताचा वर्ग अडीचला धरा. दोनला जमत नाही. आता रांगेतल्या सगळ्याच जणी छाट मोजून घेतात, कारखान्यातून निघायला उशीर होतो.’